कुत्र्यासाठी स्थळ

आमचा कुत्रा मूळचा मुलीचा. जावयांना कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात हे लग्नानंतर कळलं, त्यामुळं ती त्याला न घेताच कॅनडाला गेली आणि तो मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत राहिला. यंदा तिला दिवस गेले. बाळंतपणाला दोघांनी यावं, सहा महिने राहावं, असा तिचा फोन आला. व्हिसा झाला, बॅगा आणल्या. तिकीट मात्र मी काढेना. कुत्र्याची नीट सोय लागल्याशिवाय तारीख ठरवायची नाही, हा माझा हट्ट.

गडमुडशिंगीचा मेव्हणा म्हणाला, "गोठ्यात बांधतो की." बांधतो म्हटल्यावर मी तो विषयच मिटवला. मग कुणीतरी सांगितलं, कोकणात समुद्राकडेला आता कॅफे झालेत, तिथली माणसं कुत्री हौसेनं सांभाळतात. झालं. दर रविवारी पहाटे गाडी काढायची, बायकोनं अळणी मटणाचा डबा घ्यायचा आणि गगनबावड्याच्या घाटानं खाली उतरायचं. मागच्या सीटवर उपवर मुलगा, खिडकीतून तोंड बाहेर काढून.

पहिलं स्थळ देवगडच्या बाजूचं. मालक मुंबईचा, तरणा, कानात बाळी. कुत्र्यांसाठी वेगळं मेन्यूकार्ड होतं. त्यानं आल्याआल्या आमच्याला टोपी घालून फोटो काढला, तिथंच तो माझ्या मनातून उतरला. दुसऱ्या ठिकाणी माणसं सोन्यासारखी, पण घर शाकाहारी. रविवारी मटणाच्या वासावर चुलीपुढं ठाण मांडणारा आमचा गडी, त्याला दहीभातावर देऊ? तिसरं रस्त्याला लागून. चौथ्याच्या अंगणात साखळी दिसली. कुणाची, कशाची, मी विचारलंसुद्धा नाही.

खरं तर एका जागी मला बसवतच नव्हतं. कॉफी यायच्या आत मी स्वयंपाकघरात डोकावून यायचो, मागचं अंगण बघायचो, पाण्यापर्यंत जाऊन परत यायचो. कुत्रा बिचारा पहिल्यांदा माझ्यामागं धावायचा, मग कंटाळून वाळूत बसायचा. लाटांवर भुंकायचीही त्याला हौस होती, पण मी पुन्हा "चल" म्हणायचो.

रात्री मुलीचा फोन. "ठरलं का?" एवढंच विचारायची. जावई दिवसदिवस कामावर, बाहेर बर्फ, घर खायला उठतंय, हे ती आईला सांगायची. मला सांगायची, "बरी हाय मी." आठवा महिना लागला होता.

पाचव्या रविवारी वेंगुर्ल्याला गेलो. माडाखाली सहा टेबलं, चालवणारी पन्नाशीची बाई. तिनं कुत्र्याला हाक मारली नाही, चुचकारलं नाही. बांगडे साफ करत बसली होती, तशीच बसून राहिली. तोच उठून तिच्याजवळ गेला आणि तिच्या पायाला पाठ लावून पसरला. मी स्वयंपाकघर बघितलं, अंगण बघितलं, फाटकाची कडी दोनदा ओढून बघितली. खोट निघेना. मला तिचा रागच आला.

सहा महिन्यांचं बोलणं काढलं तशी ती म्हणाली, "सा म्हयन्यांसाठी मी ठेवचंय नाय. जीव लागता. ठेवलंय तर तो माझो. मगे मागूक येवचा नाय."

मी पुन्हा पाण्याकडं निघालो. बायकोनं मागून गाठलं. "महिना सरत आलाय," ती म्हणाली. "कुत्रं का पोरगी, एकदा काय ते ठरवा. तुमच्या पायाला भिंगरी लागलीया, तिचं पाय सुजल्यात."

मी मागं फिरलो आणि पट्टा बाईच्या हातात दिला. डबा उघडून अळणी मटण वाढलं. तो खात असतानाच गाडी काढली, कारण त्यानं वर बघितलं असतं तर माझ्यानं निघवलं नसतं. कुडाळपर्यंत मी रडत होतो, आणि बायको रडू देत होती.

कुडाळला चहाला थांबलो आणि मुलीला स्पीकरवर फोन लावला. तिकडं पहाट असणार, पण ती जागीच होती. तिकीट आजच काढतो म्हटल्यावर तिचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. मग म्हणाली, "आणि त्याचं काय केलासा?"

मी सगळं सांगितलं. किती लांब गेलो, कुणाच्या घरात काय खोट निघाली, कडी कशी ओढून बघितली, बाई मायेची कशी. कायमचा दिला, हेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही, म्हणून मीही सांगत सुटलो. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, माझ्या येळंला किती घरं बघितलासा?"

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला.

"एकच," मी म्हटलं.