बक्कन्नांचे गाल

बक्कन्ना समोरून दिसायचे; बाजूने मात्र शोधावे लागत. तेलुगू मुलखातल्या इंद्रवेल्लीच्या मराठी शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी दुपारी बसस्टँडसमोरच्या खानावळीत शिरलो आणि "मालक कुठं आहेत?" असं खुद्द मालकालाच विचारलं. ते खांबाला टेकून उभे होते आणि मला फक्त खांब दिसला होता. "मीच जी मालक," ते म्हणाले, "नीट पाहा, हाय मी इथंच." तेलुगूत बक्क म्हणजे किडकिडीत आणि अन्ना म्हणजे भाऊ. कुण्या ट्रकवाल्याने ठेवलेलं हे नाव त्यांना असं काही चिकटलं की पुंडलिक हे खरं नाव फक्त रेशनकार्डापुरतं उरलं. त्यांना त्याचा राग नव्हता. "नाव ठेवाले मानूस जवळचा लागते," असं वर तेच समजावायचे.

बरं, माणूस खात नव्हता म्हणावं तर छे! त्यांच्या पानाकडे बघून मलाच धाप लागायची. दुपारी तव्यावरून उतरलेली पहिली भाकर बक्कन्नांची. तीही आत चुलीपाशी बसून नाही, तर रस्त्याकडच्या पहिल्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. भाकरीवर भाकर, वाटीभर चून म्हणजे तिकडचं पिठलं, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. "मालकानं आपल्या घरचं खाल्लेलं लोकायले दिसलं पायजे, मास्तर. आपुनच नाई खाल्लं त दुसऱ्यानं काऊन खावं?" युक्ती बिनतोड होती. फक्त ते खाल्लेलं जात कुठे होतं, हे देवाला ठाऊक.

स्वयंपाक त्यांच्या बायकोचा, कांतावहिनींचा. काय सांगू त्या हाताची गोष्ट! त्यांचं वांग्याचं भरीत खाऊन मी पहिल्याच वर्षी सगळ्या पँटी सैल करायला शिंप्याकडे नेल्या. म्हणजे वहिनींचं कर्तृत्व परक्यांच्या पोटावर दिसत होतं आणि घरच्या माणसाच्या बरगड्या सदऱ्यातून उठून दिसत होत्या. आमच्याकडे तब्येत बनली असं म्हणतात ते गालांकडे बघूनच. लग्नाकार्यात नणंद चारचौघींसमोर म्हणायची, "कांता, साऱ्या गावाले खाऊ घालून राह्यली, माह्या भावालेच काऊन उपाशी ठेवून राह्यली वो?" सगळ्या हसायच्या, वहिनीही हसायच्या. घरी आल्यावर मात्र नवऱ्याच्या पानात वाढताना त्यांचा हात आवरत नसे.

कापसाच्या हंगामात एकदा एक व्यापारी आपली माणसं घेऊन जेवायला आला. त्याने बक्कन्नांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्याने म्हणाला, "जिस मालिक का ये हाल है, उसके यहाँ खाना कौन खाएगा?" सगळी टोळी खिदळत समोरच्या मेसमध्ये गेली. बक्कन्ना हसले. ते नेहमीच हसत. पण आत चुलीवर भाकर करपली. इतकी वर्षं त्या घरचं जेवलो, वहिनींच्या हातची करपलेली भाकर तेवढीच. वास आला तसं बक्कन्नांचं हसू गेलं आणि ते बराच वेळ आतल्या दाराकडे बघत उभे राहिले.

त्यानंतर काही दिवसांतच चमत्कार झाला. बक्कन्नांना गाल आले! आधी नुसते भरल्यासारखे वाटले, मग फुगले, मग तर हसताना डोळे दिसेनात. पाठोपाठ पोट आलं. सदऱ्याची बटणं तटतटायला लागली. गाव लोटलं हो बघायला. "काय बक्कन्ना, लॉटरी लागली काय?" असं जो तो विचारायचा आणि ते आतल्या बाजूला बोट दाखवायचे. वहिनींनी त्या हिवाळ्यात उडदाचे लाडू केले होते, डिंक घालून. श्रेय लाडवांना गेलं. वहिनी नवऱ्याला नवा सदरा घालून किनवटला माहेरी मिरवून आल्या, तिथे त्यांचा फोटोही काढून घेतला. नणंदेच्या घरी मुद्दाम जाऊन चहा पिऊन आल्या. गल्लीतल्या बायका लाडवाची कृती विचारायला येऊ लागल्या आणि आपापल्या किडकिडीत पोरांच्या तोंडात सकाळ-संध्याकाळ लाडू कोंबू लागल्या. "आमच्या गण्याले काऊन नाई लागून राह्यले जी?" असं कुणी विचारलं की वहिनी गंभीरपणे म्हणत, "डिंक तळताना घाई करता तुमी." इतक्या आनंदात मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं.

माझं मास्तरी डोकं मात्र गप्प बसेना. गाल आले, पोट आलं, मग हातपाय काड्यांसारखे कसे? दंडावर निळेकाळे डाग कसले? पहाटेच बक्कन्ना कांदे चिरायला बसायचे, तो आवाज शेजारच्या माझ्या खोलीपर्यंत यायचा. माणसाला झोपच नव्हती. एकदा हात धुवायला मागे गेलो तर बक्कन्ना ताकाबरोबर गोळी गिळत होते. मी हटकलं तर एखाद्या पोरासारखे हसले. "तब्येतीची गोळी हाय, मास्तर. बाजारात बसते ना तो, त्याच्यापासून घेतो." आठवडी बाजारात पाल ठोकून बसणारा एक स्वयंघोषित डॉक्टर होता, त्याची ही कृपा. मी पाकीट उलटून पाहिलं. स्टेरॉइड.

मी तिथंच सुरू झालो. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, अंगातली ताकद आतून पोखरली जाते, हे सगळं वर्गात सांगतो तसं सांगितलं. बक्कन्नांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मालूम हाय. मेडिकलवाल्या पोरानंबी सांगतलं. पन हाडायचं काय घेऊन बसले, मास्तर? हाडायनंच त जन्मभर बदनाम केलं मले." मी चिडलो, तर मलाच समजवायला लागले. "त्या पालापाशी कोन कोन येते, पाहा एकदा. पोलीस भरतीच्या पोरायले दंड पायजेत. कोनाच्या पोरीचं लगन जमून नाई राह्यलं, तिले गोरं व्हाची ट्यूब पायजे. म्हाताऱ्यायले कापूस येचाले गुडघे पायजेत. माह्यं मागनं त सगळ्यात लहान. मले निस्ते गाल पायजेत." दंडाचं असो, गोरेपणाचं असो, गुडघ्यांचं असो, त्या पालातल्या बहुतेक औषधांच्या मुळाशी हेच स्टेरॉइड होतं. आणि मागणारे काही वेडे नव्हते. ज्याला जे नसल्याबद्दल लोक टोचतात, ते मागायला तो आला होता.

"मग आता पुरे झालं, सोडा," मी म्हटलं. बक्कन्नांनी आत पाहिलं. वहिनी कुणाला तरी डिंक कसा तळायचा ते सांगत होत्या. ते हळूच म्हणाले, "सोडल्या त गाल जातीन. गाल गेले त लाडू खोटे पडतीन. मंग तिचं तोंड पाहवन काय तुमाले?" त्यानंतर रोज जेवताना मी डोळे वटारायचो आणि रोज ते माझ्या पानात जास्तीचं भरीत वाढून माझं तोंड बंद करायचे.

त्यांची मुलगी निर्मल गावी दिलेली. नातीचा अक्षराभ्यास, म्हणजे पाटीवर पहिलं अक्षर गिरवायचा विधी, बासरच्या देवळात करायचा ठरला आणि "तुमी मास्तर, तुमी पायजेच" म्हणून मलाही ओढून नेलं. त्याआधी नवराबायको आठवडाभर लेकीकडे राहिली होती. लहानसं घर, पाहुण्यांनी भरलेलं. गोळी घ्यायला आडोसा नाही, म्हणून बक्कन्नांनी त्या दिवसांत गोळ्या घेतल्याच नाहीत; हे त्यांनी सकाळी भेटल्याबरोबर माझ्या कानात सांगितलं होतं. देवळात नात पाटीवर पहिलं अक्षर गिरवत होती, सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते आणि हे मागे भिंत धरून उभे. चेहरा पांढराफटक. मी जवळ जाईपर्यंत त्यांना भडाभडा उलटी झाली आणि ते खाली कोसळले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्तदाब पार खाली गेलेला पाहून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ये कौनसी गोली लेते हैं?" वहिनी घाईने म्हणाल्या, "गोली-बिली कुछ नाई, मॅडम. घर का लाडू खाते." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. खाटेवरून बक्कन्ना माझ्याकडे बघत होते. बोलायचं त्राण नव्हतं. नुसतं बोट हलवत होते. नको, मास्तर, नको. माझं टाळकंच फिरलं. जीव चालला आणि यांना लाडवांची पडली आहे! मी ओरडूनच सांगितलं, "मॅडम, स्टेरॉइड लेते हैं. बहुत महीनों से. हफ्ते भर से बंद है." त्याबरोबर धावपळ उडाली. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं. बाहेरून गोळ्या मिळत गेल्या की शरीर स्वतःचं तयार करायचं विसरतं आणि मग त्या एकदम तोडल्या की माणूस हातचा जाऊ शकतो, असं बाईंनी नंतर समजावलं. लपवलं असतं तर उशीर झाला असता, असंही म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत बक्कन्नांच्या चेहऱ्यावर रंग आला. वहिनी उशाशी बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "म्हंजे, लाडवानं नाई झालं ते?"

बक्कन्ना छताकडे बघत म्हणाले, "लाडू बेस होते वो, कांता. माह्यं आंगच नालायक."

वहिनी उठून व्हरांड्यात गेल्या. मी मागोमाग गेलो, कारण मला वाटलं आता रडतील. रडत नव्हत्या, संतापल्या होत्या. "मास्तर, मी कवा मनलं होतं काय, मले जाडा नवरा पायजे? लोकं बोलत, मी आयकत होती. मलेच बोलत होते ना ते? बोलू द्याचं होतं! यायनं काऊन हे खावं?" मग पदराने तोंड दाबलं आणि आता मात्र खरंच रडल्या. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गोळ्या लगेच बंद करता येणार नव्हत्या. डॉक्टरीणबाई सांगतील तशा, थोड्या थोड्या कमी करत, कित्येक महिने घ्यायच्या होत्या. ते काम वहिनींनी आपल्याकडे घेतलं. नवऱ्याला समोर बसवून गोळी द्यायच्या आणि "जीभ दाखवा" म्हणायच्या. नवऱ्यावर त्यांचा आता काडीचा भरवसा राहिला नव्हता. आयुष्यभर "अजून घ्या, अजून एक घ्या" म्हणत वाढणारी ही बाई. आता दर खेपेला आपल्याच हाताने कमी वाढत होती आणि प्रत्येक खेपेला नवऱ्याचे गाल थोडे थोडे उतरताना बघत होती. साखर मात्र जी आली ती मुक्कामाला राहिली. न्हाणीत जरासा पाय घसरला तर बक्कन्नांचं मनगट मोडलं. "पाहा, मास्तर," प्लास्टर दाखवत मला म्हणाले, "हाडं रुसले माह्यावर."

आणखी एक गोष्ट वहिनींनी केली, तिच्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात रोज नमस्कार करतो. ज्यांना ज्यांना लाडवाची कृती दिली होती त्या सगळ्यांच्या घरी त्या स्वतः गेल्या. "लाडू करा, पोरायले खुशाल खाऊ घाला, पन गाल येतीन मनलं होतं ते खोटं. ते गोळ्यायनं आल्ते." नणंदेच्या घरीही गेल्या. तिथून परत येताना आठवडी बाजार लागला. मग काय विचारता! हातात भाजीची पिशवी, पिशवीत दुधी भोपळा, तो त्यांनी बाहेर काढला. डॉक्टरमहाशयांनी पाल गुंडाळायचीही वाट न पाहता धूम ठोकली. खानावळीत त्या दिवशी जो तो भोपळ्याचीच भाजी मागत होता.

मग माझी बदली बेल्याला झाली. निघायच्या दिवशी वहिनींनी पुरणपोळ्या केल्या. बक्कन्ना माझ्या शेजारी बसून ठेचाभाकर खात होते, पोळीकडे चोरून बघत होते. आता ते पुन्हा पहिल्यासारखे, बाजूने न दिसणारे झाले होते. तेवढ्यात नुकतेच बदलून आलेले तहसीलातले एक साहेब जेवायला आले. भिंतीवर किनवटचा फोटो होता, गुबगुबीत गालांचा. साहेबांनी फोटोकडे पाहिलं, बक्कन्नांकडे पाहिलं आणि हळहळून म्हणाले, "अरेरे! मालक आजारी होते का हो?"

बक्कन्नांचा घास हातातच राहिला. मी वहिनींकडे बघायचं टाळलं. पण त्या पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या.

"हाव ना, साहेब," त्या फोटोकडे बोट करून म्हणाल्या, "हे पाहा, तवा लय बिमार होते. आता बरे हाय." आणि नवऱ्याच्या पानात आणखी एक भाकर टाकून आत निघून गेल्या.