आकडा हलला

करडी गावात आमच्या घरी सकाळी आधी दोन आवाज ऐकू येतात. एक सासूबाईंच्या देवघरातली घंटी, दुसरा नणंदेच्या कीबोर्डची टकटक. नणंद म्हणजे खुशबू. नागपूरच्या एका कंपनीचं काम ती घरूनच करते. मासेमारांच्या घरात जन्मली, पण मासे साफ करायला बोलावलं की हिची हटकून मीटिंग असते.

या श्रावणात पावसानं दडी मारली आणि आमच्या बोडीचं पाणी उतरू लागलं. लहानसं तळंच ते. त्यात मामंजींनी, केवळराम त्यांचं नाव, माशांची बारीक पिल्लं सोडलेली. पाणी उतरलं की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून खुशबूने तिथं एक तरंगणारा गोळा आणि छोटासा बोर्ड बसवला होता. नवा प्रोग्राम भरला आणि बोर्डावरचा पाण्याच्या पातळीचा आकडा एका जागी थिजला. पाणी खाली, मोटर गप्प. मामंजी उन्हातान्हात जाऊन बटण दाबत. एखाद्या दुपारी चुकलं तर पिल्लं गेलीच.

"तुयं यंत्र नव्या नवरीवानी मान खाली घालून बसलं व," ते म्हणाले. "पाणी पाहाले तयारच नाही."

खुशबूने आपला प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडेना. मग तिचा संशय कंपायलरवर गेला. आपण लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देतो तो कंपायलर, हे तिनंच मला सांगितलं. तो काम करताना काटछाटही करतो. एकच गोष्ट दोनदा विचारलेली दिसली की दुसरं विचारणं गाळतो.

"पण पाणी त दर वेळी नवं पाहा लागते," मी म्हटलं.

"म्हणूनच तशी खूण करून ठेवतो, वहिनी. मी केली होती. हा काटछाट करताना खूणच हरवून राहिला."

काटछाट बंद करावी तर प्रोग्राम फुगून बोर्डात मावेना. म्हणजे कंपायलरच दुरुस्त करायचा. तो सगळ्यांसाठी खुला असतो, त्याचं आतलं लिखाण कोणालाही वाचता येतं. दोन दिवस ती त्यात बुडाली. जेवायला बोलावलं की "हो" म्हणायची आणि तिथंच बसायची. शेवटी जागा सापडली. ती खूण पुढे नेणाऱ्या दोन ओळी तिनं घातल्या, गोळा आणि बोर्ड घरी आणला आणि प्रोग्राम पुन्हा भरला.

आता परीक्षा. अंगणात भरलेली बादली, तिच्यात गोळा, तार खिडकीतून आत. मी देवाचं नाव घेतलं आणि बादली रिती केली.

"उतरला वहिनी, आकडा उतरला," आतून आवाज आला. मी हात पुसत चुलीकडे गेले. तेवढ्यात खुशबू दारात आली. चेहरा पडलेला.

"नाही जमलं. आपोआप वर चढून राहिला."

मी अंगणात डोकावले. बादली काठोकाठ भरलेली, शेजारी सासूबाई पाण्याचा रिकामा गुंड घेऊन उभ्या.

"आई, तुम्ही भरली?"

"मंग? तिन्हीसांजेले रिकामी बादली दारात ठेवतेत का व?"

खुशबू आधी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग हसायलाच लागली. पाणी खरंच चढलं होतं, आणि कोणी न सांगता ते बोर्डाला दिसलं होतं. याहून चांगली परीक्षा तिला सुचली नसती. तिनं सासूबाईंना गरकन फिरवलं.

"सोड व, गुंड पडते," त्या म्हणाल्या.

कंपायलर सांभाळणाऱ्या लोकांना तिनं दुरुस्ती पाठवली. त्यांनी सोबत चाचणी मागितली. तिनं आधी पाणी उतरतं, मग चढतं, अशी लिहून दिली. त्यांनी दोन्ही घेतलं.

पण आम्ही त्यांच्यासाठी थांबलो नव्हतो. बादलीच्या परीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी दुपारी गोळा आणि बोर्ड घेऊन सगळे बोडीवर गेलो. बोर्डावरचा आकडा हळूहळू उतरत होता. सवयीनं मामंजींचा हात बटणाकडे गेला.

"बाबा, थांबा ना जरा," खुशबू म्हणाली.

त्यांचा हात तिथंच थांबला. मोटर घरघरली आणि पाइपातून पाण्याचा लोट बोडीत पडला. पिल्लांचा थवा सरसर तिकडे धावला.

मामंजींनी हात खाली घेतला. "पाहाते व तुयं यंत्र आता," ते म्हणाले, आणि बोडीच्या काठाच्या पाळीवरच मांडी घालून बसले.