राक्षसाचं नाव

सहादेव गिरणीवाल्याला नावं फार छान सुचायची, एवढंच लोक त्याच्याबद्दल सांगतात. मी त्याच्या गिरणीच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, म्हणून मला जरा जास्त सांगता येतं. ते सगळं चांगलं नाही.

आमचं गाव शेवगाव तालुक्यातलं. चैत्रात मारुतीची जत्रा भरायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की देवळापुढच्या मैदानात गावातल्याच माणसांचा वग लागायचा. गोष्ट दरवर्षी साधारण तीच. राक्षस राज्य गिळत सुटतो, राजा शेवटी त्याचं मुंडकं उडवतो, राजकन्या राजाला माळ घालते. बदलायची ती नावं, आणि राजापासून राक्षसापर्यंत सगळ्यांना नावं द्यायचा मान सहादेवाचा. हा मान त्याला कोणी दिला होता ते मला माहीत नाही. त्यानं घेतला आणि कोणी हरकत घेतली नाही, असंच असणार.

त्याची रीत अशी होती. गिरणीचं इंजिन धडधडत असताना तो एक नाव मोठ्यानं ओरडायचा. दळणाच्या रांगेत सगळ्यात मागं उभ्या असलेल्या बाईनं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं, तर नाव पास. विजयध्वज पास झाला, पद्मलोचनाही झाली. कुमुदप्रिया मात्र पिठात पडली. बाया हसायच्या, त्यांचा वेळ बरा जायचा, आणि सहादेव मिशीवरचं पीठ झटकत राजासारखा उभा राहायचा.

माणसाचं व्यंग त्याच्या नजरेतून सुटत नसे. कानिफनाथ नावाचा एका पायानं अधू गडी देवळाची झाडलोट करायचा. सहादेवानं त्याला द्वारपालाचं काम दिलं आणि नाव दिलं डुगडुगसिंह. गाव लोटपोट झालं. वग संपला तरी नाव सुटलं नाही. तो गेला तेव्हासुद्धा निरोप आला तो ‘डुगडुगसिंह गेला’ असाच. सहादेवाला याचा अभिमान होता. माझं नाव सरणापर्यंत जातं, असं तो चारचौघांत म्हणायचा.

अशा माणसाकडे मनकर्णा आली, तीही आपल्या पायानं.

मनकर्णा आमच्याच आळीतली. तिची तीन पोरं पाळण्यातच गेली होती. एक दगडू, एक धोंडू, एक केरू. आपल्याकडे पोरं जगत नसली की असली नावं ठेवतात, म्हणजे मरणाला वाटावं, हे काय टाकाऊ आहे, आणि त्यानं पुढच्या दारी जावं. चौथा मुलगा झाला तेव्हा मनकर्णा बारशाआधीच गिरणीत आली. मी माझ्या ओट्यावर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

“भाऊजी, दगडू-धोंडू ही नावं मरनाला आता पाठ झाल्यात,” ती म्हणाली. “कुनीच ठेवलं नसंल असं एक नाव द्या. लई घान असलं तरी चालंल.”

सहादेव फुलला. त्यानं इंजिन बंद केलं, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाला, “खरकट्या.”

“खरकट्या,” मनकर्णा हळूच म्हणाली.

“दुसऱ्याच्या ताटातलं खरकटं कोन उचलतंय? जा, ठेव.”

तिनं वाकून नमस्कार केला. मग म्हणाली, “येकच इनंती हाय. हे नाव आता दुसऱ्या कुनाला देऊ नगा. येकट्या माज्या पोराचं ऱ्हाऊ द्या.”

“दिलं,” सहादेव म्हणाला. त्या दिवसापासून ती दर अमावास्येला त्याची गिरणी सारवून द्यायची. त्यानं मागितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही.

पोर जगलं. रांगायला लागलं, चालायला लागलं. मनकर्णा दारातून “खरकट्या, ये रं” अशी हाक मारायची आणि ती हाक इंजिनाच्या आवाजावरून सरळ गिरणीत जायची.

मग बहात्तर सालचा चैत्र आला. त्या वर्षी सहादेवाला राक्षसाचं नाव काही सापडेना. धूम्रदंत म्हणून झालं, कपालकेतू म्हणून झालं, रांगेतल्या बाया जांभया द्यायला लागल्या. तेवढ्यात बाहेरून मनकर्णाची हाक आली. सहादेव थबकला. मग तोच शब्द त्यानं छाती भरून ओरडला, आणि अख्खी रांग एका तोंडानं म्हणाली, “खरकट्या!”

तालमीतून ही बातमी मनकर्णाच्या कानावर गेली. ती पोराला कडेवर घेऊन आली. या वेळी गिरणीच्या आतही शिरली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली.

“भाऊजी, तुमी शबूद दिलाता. राक्षस मरतोय वगात. त्याला दुसरं कायबी म्हना.”

“वगात मरतोय ना? लटकं असतंय ते.”

“नावाला काय कळतंय लटकं का खरं.”

“वहिनी, नाव माझं हाय. तुला वापराया दिलं हुतं.”

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. माझं रक्त तापलं, पण मी उठलो नाही. गावात कोणीच उठलं नाही. सगळ्यांना वग हवा होता.

वग झाला. गोरक्ष पैलवान राक्षस होता, तोंडाला काजळ फासून मैदानात गुरगुरत आला. “खरकट्याला मारा,” पोरं ओरडायला लागली, मग बाप्ये, मग बायासुद्धा. राजानं तलवार चालवली आणि रंगवलेल्या भोपळ्याचं मुंडकं धुळीत पडलं. मनकर्णा घरात दार लावून पोराचे दोन्ही कान दाबून बसली होती. पोरांनी तो भोपळा लाथाडत आणला तो तिच्याच आळीतून. “खरकट्या मेला, खरकट्या मेला” हे तिच्या दारासमोर बराच वेळ चाललं. सहादेव त्या घोळक्यामागून हसत येत होता. इतकं रंगलेलं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं.

त्या साली पाऊस आलाच नाही. भादव्यात विहिरींचे तळ दिसायला लागले, आळीत जुलाबाची साथ आली आणि त्यात मनकर्णाचा पोरगा गेला. शेवगावच्या डॉक्टरांनी पाण्याला दोष दिला. मी डॉक्टरांचंच खरं मानतो. पण डॉक्टर जत्रेला नव्हते.

माघात सहादेव पुन्हा नावं शोधायला लागला. गिरणीवर सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी दळायला यायची आणि रांग लांब असायची. मनकर्णाही फडक्यात दळण बांधून रांगेत होती. तिची पाळी आली तेव्हा तिनं फडकं खाली ठेवलं.

“भाऊजी, राक्षसाचं नाव घावलं का?”

“न्हाई अजून.”

“रविकांत ठेवा.”

रविकांत हा सहादेवाचा एकुलता एक मुलगा. नगरला बोर्डिंगात राहून शिकत होता. सहादेवानं पट्टा उतरवला. इंजिन नुसतंच फिरत राहिलं.

“काय बोलती?”

“लटकंच असतंय की. गोरक्षाला म्हना रविकांत. राजा मुंडकं तोडंल, पोरं भोपळा खेळतील. इंजिनावरबी चांगलं ऐकू येतंय. ऐकवू का वरडून?”

“न्हाई,” सहादेव म्हणाला. “ते नाव घ्यायचं न्हाई.”

“का? तुमचं म्हननं खोटं हुतं का मग?”

माझ्या ओट्यावरून मला फक्त सहादेवाचं तोंड दिसत होतं. त्यावर भीती होती, आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा आली होती असं मला वाटलं नाही. ती आधीपासून होती. मनकर्णा उंबऱ्याशी उभी राहून पदर पसरत होती तेव्हाही होती, फक्त ती त्याच्या स्वतःच्या पोरासाठी राखून ठेवलेली होती.

“सांगा की,” मनकर्णा म्हणाली.

“माझा जित्ता हाय,” सहादेव म्हणाला, आणि पट्टा चढवून तिच्या फडक्यातलं दळण ओतलं.