बायजावहिनीचा खिळा

सन दोन हजार सतरा. मला सत्तरावं लागलं होतं आणि शेजारची बायजावहिनी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती आता नाही. पण खालापूरकडच्या आमच्या गावात कुणाच्याही घरात शिरा, एखादी कळशी उपडी करा, तिथं ती भेटेल.

घरात नवी वस्तू आली की माणसं तिला हळदकुंकू लावतात. वहिनी आधी ती उपडी करायची. कमरेच्या पिशवीत जाड खिळा आणि छोटी हातोडी कायम असायची. टक टक टक, बुडाला खूण. हळदकुंकू त्यानंतर. कोयता, फावडं, शिडी, पाटा, काही सुटलं नाही. गॅसच्या सिलिंडरवरसुद्धा मारली. सिलिंडर बदलून जातो, हे सगळ्यांनी समजावलं. पुढं कधीतरी तोच फिरून तिच्या दारात आला, तर गावभर सांगत सुटली, "बगा, वाट इसरला नाय." मुलानं मोबाईल आणला तेव्हा त्याच्याही पाठीवर खिळा धरला होता. तो अंगणभर पळाला.

ती शाळेत गेली नव्हती. म्हणून अक्षरं नाहीत, घरागणिक एक चित्र. तिच्या घराची तीन टिंबं. सुताराच्या घराला करवतीचे दात. माणूस बघून चित्र ठरवायची, कुणाला विचारायची नाही.

मला हे पटत नव्हतं. मी दुसरी शिकलेला माणूस, स्वतःचं नाव लिहितो. टिंबं आणि रेघा मला कशाला?

"वहिनी, माझी वस्तू मी डोळं मिटून हात लावला तरी वळखीन."

"तुमी वळखाल वो भावजी. पण उद्या चोरी झाली तर हवालदार तुमचा हात धरून वळखनार हाय का?"

आमच्यात लग्नाला भांडं देतात आणि त्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, अमक्याकडून सप्रेम भेट. मी भांडीवाल्याला सांगायचो, ते 'कडून' नको आणि 'सप्रेम' पण नको, तेवढ्या जागेत नाव मोठं घाल. गावातल्या अर्ध्या घरांत माझी भांडी आहेत आणि त्यांवर नुसतं 'गोमा हिरू'.

आमचा स्वतःचा तांब्याचा बंब मात्र सासऱ्यानं दिलेला. माझी बायको तारा, तिच्या वडिलांचं नाव त्यावर ठळक होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी कानस घेऊन ते घासून काढलं. रोज सकाळी सासऱ्याचं नाव वाचत अंघोळ करायची, हे मला जमणारं नव्हतं. आजही म्हणतो, बरोबर केलं. तारा उठून वहिनीकडं जाऊन बसली. पुढं वहिनीच्या बाळंतपणात तो बंब महिनाभर तिच्याकडं होता.

त्या सतरा सालच्या मे महिन्यात गावात लग्न होतं. सगळं गाव शाळेच्या मैदानात मांडवात, आणि घासलेली भांडी घरोघरच्या अंगणात वाळत. भरदुपारी एक टेंपो आळीत शिरला. मला वाटलं मांडववाल्याचा. मीच त्याला हात करून "येऊ दे, येऊ दे, आजून येऊ दे" करत मागं घेतला आणि जेवायला गेलो. परत आलो तर आळीत एक भांडं नाही. पडवीतला बंबही नाही.

"नाव आसतं तर गावला आसता," तारा एकदाच म्हणाली. नंतर ताट वेळेवर यायचं, पाणी यायचं, बोलणं नाही. तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. त्या घरचा बंब तेवढा होता.

चार दिवसांनी शिळफाट्याला भंगाराच्या दुकानापुढं पोलिसांनी तो टेंपो धरला. आम्हाला ओळख पटवायला बोलावलं. चौकीच्या ओट्यावर भांडी मांडलेली. हवालदार त्यांवरची नावं वाचत होते.

"गोमा हिरू कोण?"

"मी."

"हा टोप तुमचा."

"नाय. त्यो सखारामच्या पोरीचा."

"हंडा?"

"पाटलाच्या सुनंचा."

"परात? घंगाळ? सगळ्यावर तुम्हीच आहात."

"त्यातलं कायबी माझं नाय. त्यो बंब माझा."

त्यांनी बंब फिरवून पाहिला. नाव नाही, नुसता घासल्याचा डाग. "बाबा, नाव आहे ते तुमचं नाही, आणि नाव नाही ते तुमचं. मी लिहू काय?"

सगळी हसली. तेवढ्यात पलीकडच्या वाडीचा एक जण पुढं झाला. बंब त्याचाही गेला होता आणि हा त्याचाच म्हणे. मी आवाज चढवला, त्यानंही चढवला. तारा भिंतीला टेकून पदराचं टोक पिळत उभी.

बायजावहिनी गर्दीतून पुढं आली, ओट्याशी बसली आणि खिळ्यानं शहाबादी फरशीवर दोन वळलेल्या रेघा ओढल्या.

"सायेब, बंबाच्या बुडाला, राख पडती तितं हात घाला. ही खून नसंल तर बंब ह्या बाबाचा."

हवालदारांनी बंब उपडा केला. राख त्यांच्या पँटीवर सांडली. अंगठ्यानं बूड घासलं. दोन वळलेल्या रेघा निघाल्या.

"हे काय आहे?"

"एडक्याची शिंगं. ह्यांच्या घराची खून."

"एडका का?"

"दोन दिस ह्यांच्या शेजारी ऱ्हावा, कळंल."

चौकी हसली. ताराही हसली, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मी तेवढंच बघत होतो.

"कधी केलंस हे?" मी वहिनीला विचारलं.

"माज्या बाळंतपनात. नाव घासलंत तवा तारा रडत आलती. तिच्या बापाचं नाव मला कुटं लिवता येतं? म्हनलं, नवऱ्याचं तरी घालावं."

वाडीवाल्याचा बंबही टेंपोत पोत्यांखाली निघाला. त्यानं आम्हाला सगळ्यांना चहा पाजला. परतताना रिक्षात बाया एकमेकींना कोपर मारत होत्या आणि माझ्याकडं बघत होत्या. मी बाहेर बघत बसलो.

"मला इचारायचं तरी व्हतं," मी शेवटी म्हटलं.

"इचारलं आसतं तर शिंग मारलं आसतं," वहिनी म्हणाली.

कोर्टाचा कागद होईपर्यंत बंब चौकीतच राहणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तारानं चुलीवर पाणी तापवलं आणि "घ्या, एडके, अंघोळ करा" म्हणाली. पाच दिवसांनी बोलली, म्हणून मी ऐकून घेतलं. अंघोळ केली, कोयता, कुदळ, पहार आणि घरात उरलेली एकुलती एक कळशी घेतली आणि वहिनीच्या ओट्यावर गेलो.

"कानस आनली का भावजी?"

मी एकेक वस्तू तिच्यापुढं उपडी ठेवली.

"शिंगं जरा मोठी काढ," म्हटलं. "लांबनं दिसली पायजेत."