राजारामकाकांचं स्वालबार्ड

अमेरिकेतल्या रेडमंडच्या मराठी मंडळींत राजारामकाकांसमोर 'स्कँडिनेव्हिया' हा शब्द जपून काढतात. चुकून कुणी फिनलंडला त्यात बसवलं, की काका हातातली प्लेट खाली ठेवतात आणि त्या माणसाचं जेवण गार होतं. मागच्या भीमजयंतीला धम्मदीप नावाच्या नव्या इंजिनिअरने फक्त विचारलं होतं, "काका, ग्रीनलंड आइसलँडच्या बाजूलाच ना?" काका सुरू झाले: ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यातलं, पण घरचा कारभार स्वतःचा; फॅरो बेटांचंही तसंच; ऑलंड बेटं फिनलंडची, पण बोलणार स्वीडिश... बिचाऱ्याची खीर तशीच राहिली.

"आणि स्वालबार्ड!" इथे काकांचा आवाज चढतो. "पार उत्तरेला. आहे नॉर्वेचं, पण तहच असा झालाय, की तिथे राहायला कुणालाच व्हिसा लागत नाही!"

काका मूळचे नागपूरचे, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, म्हणजे स्वभावाला साजेसंच काम. उत्तरेकडे मात्र कधी गेले नव्हते. सगळी मुशाफिरी नकाशावरची.

कांताकाकू यंदा हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्या. लेक उपासनाने विचारलं, काय हवं? काकू म्हणाल्या, "समुद्राला टेकलेली हिमनदी एकदा डोळ्यांनी बघायचीय. गुडघे साथ देताहेत तोवर." काकांना आभाळ ठेंगणं झालं. स्वालबार्डचं बुकिंग त्यांनी त्याच आठवड्यात केलं.

"बाबा, व्हिसाचं मी चेक करू? प्लीज?" उपासनाने विचारलं.

"मला शिकवतेस? नॉर्वेचा नकाशा मी डोळे मिटून काढतो."

काकूंनी अमेरिकन पासपोर्ट केव्हाच घेतला होता. काकांनी भारताचाच ठेवला होता. त्यावरही त्यांचं एक भाषण आहे. वाटेत ओस्लोला उतरायचं, म्हणून युरोपचा व्हिसा काय तो त्यांनाच लागत होता; तो त्यांनी स्वतःच काढला.

ओस्लोच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने काकांचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की हा व्हिसा युरोपात एकदाच आत येण्याचा आहे. स्वालबार्ड त्याच्या हद्दीबाहेर. तुम्हाला जाता येईल, परत येता येणार नाही.

"बट इट्स नॉर्वे!" काका म्हणाले.

"येस, इट इज," ती म्हणाली.

"तिथे राहायला व्हिसा लागत नाही ना?" काकू म्हणाल्या. "मग तुम्ही तिथेच राहा."

काकांना हसू आलं नाही. जे ज्ञान त्यांनी सगळ्यांना वाटलं, ते आपल्यालाही लागू होतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "कॅन्सल करू," ते पडेल आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षी दोघं मिळून येऊ." काकू हो म्हणतील याची त्यांना खात्री होती.

काकूंनी आपला पासपोर्ट पुढे केला. "माझं काही अडतंय का?" नाही, मुलगी म्हणाली. "मग मी जाते. तुमच्या गोळ्या निळ्या पिशवीत आहेत. वेळेवर जेवा."

आणि त्या गेल्या.

हॉटेलच्या खोलीत काका आधी चिडले, मग काळजीने हैराण झाले. तिला तिथलं काय कळणार, हाही एक विचार होताच. आणि खरं सांगायचं तर त्यांना हेवा वाटत होता.

फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. "बघितली हो!" काकूंचा आवाज ओला झाला होता. "निळी असते आतून. बोटीत सगळे गप्प झालो." मग त्या हसल्या. "टेक्सासचं एक जोडपं होतं. ते याला ग्रीनलंडच समजत होते. मग मी सांगितलं सगळं. ग्रीनलंड कुणाचं, हे कुणाचं, तह, फॅरो, ऑलंडसुद्धा. बोटीतले सगळे ऐकत होते."

"शेवटपर्यंत?" काकांनी विचारलं. हा प्रश्न मात्र अगदी मनापासूनचा होता.

"शेवटपर्यंत."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण तुला हे सगळं येतं कुठून?"

"कमाल करता," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं तुम्ही काय भिंतीशी बोलत होता?"