दहा सायकलींसाठी सोडलेली बायको

इवासे तोकुजीनं दहा सायकलींसाठी बायको सोडली, अशी कुजबुज १९७२च्या ऑक्टोबरात आमच्या गावात सुरू झाली. पहिल्या दिवशी या सायकली विजेच्या होत्या. फुजी नदीच्या आमच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, पश्चिम काठावर साठ. या हेलकाव्यांना सायकल म्हणतात. दहा जास्त मिळाव्यात म्हणून माणूस पूल ओलांडून राहायला गेला, एवढंच मूळ बोलणं. तिसऱ्या दिवशी ते बंदरावर पोचलं तेव्हा सायकलींना चाकं आणि घंट्या लागल्या होत्या. कोळंबी वाळवणाऱ्या बायका विचारत होत्या की बायकोच्या बदल्यात मिळालेल्या दहांपैकी एखादी विकायची आहे का.

कुजबुज कुठून निघाली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती माझ्याच दुकानात निघाली. मी अशिझावा, गावचा न्हावी. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून मी जे सांगतो, त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही.

इवासे तोकुजी, म्हणजे आम्हा सगळ्यांचा तोकुसान, माझा शेजारी. आमच्या दोघांमध्ये एकच भिंत. बावीस वर्षं तो गावच्या सिनेमागृहात चित्रपट दाखवायचा. घरोघर टीव्ही आले, सिनेमागृह बंद पडलं, तेव्हा मालकानं निरोपाची भेट म्हणून पडद्यामागचे दोन कर्णे त्याला दिले. एकेक कर्णा पोरगं आत बसून जेवेल एवढा. ते सात जणांनी उचलून आणले आणि सहा चटया मावतील एवढ्या त्याच्या खोलीत ठेवले, तेव्हा चटया दोनच उरल्या. त्या दोन चटयांवर त्याची बायको फुसा गावातल्या पोरांना सोरोबान, म्हणजे मणी सरकवून गणित करायची पाटी, शिकवायची. तोकुसान कागद गिरणीत लागला आणि फावल्या वेळात त्यानं कर्ण्यांसाठी ॲम्प्लिफायर बनवला. एकेका कर्ण्यामागे एक व्हॉल्व्ह, म्हणजे तापली की उजळणारी काचेची नळी, ताकद दोन वॉट. दोन वॉटमध्ये माझ्या दुकानातलं केस वाळवायचं यंत्र जागंसुद्धा होत नाही.

माझ्याकडे त्या वेळी एकशेवीस वॉट होते. नवा कोरा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, निळ्या उजेडात काटे नाचायचे, आणि ते गिऱ्हाइकांना दिसावेत म्हणून मी तो आरशाशेजारी ठेवला होता. गाण्यापेक्षा मी काट्यांकडेच जास्त बघायचो. दोन वॉटवाल्याची मला कीव यायची. एकदा त्याचा ॲम्प्लिफायर मागून आणला आणि माझ्या स्पीकरना जोडला. डबीत कोंडलेला डास गावा तसा आवाज आला. ही गोष्ट मी आठवडाभर सगळ्या गावाला सांगितली. मग माझा ॲम्प्लिफायर नेऊन त्याच्या कर्ण्यांना लावला. गाणं सुरू व्हायच्या आधीच एवढी चुरचुर झाली की फुसाबाई तेल करपलं का बघायला स्वयंपाकघरात धावल्या. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

तोकुसान वादात पडणारा माणूस नव्हता. एवढंच म्हणाला, "अशिझावासान, तुमचे स्पीकर कानानं जड आहेत, म्हणून तुम्हाला ओरडावं लागतं. माझ्या कर्ण्यांना पुटपुटलेलं पुरतं. चारशे माणसांच्या सभागृहात पाच-सहा वॉटवर संसार केलाय त्यांनी."

आता पुटपुटलेलं गल्लीभर करायचं, हा गुण कर्ण्यांचा तसा माझाही. पण अशा कर्ण्यांना आपण सांगतो तेवढंच ऐकू येतं असं नाही. नको ते बारीकसारीकही ते टिपतात आणि मोठ्यानं सांगतात. तोकुसानच्या कर्ण्यांतून गाण्याच्या खाली सतत एक गुणगुण यायची, भिंतीत मधमाश्यांचं पोळं असावं तशी. माझ्या जड कानाच्या स्पीकरमधून ती कधी आलीच नसती. तोकुसान दुपारी गिरणीतून आला की व्हॉल्व्ह तापवत ठेवायचा, नेमकी तीच शिकवणीची वेळ. तारा बदलल्या, ट्रान्सफॉर्मरमध्ये डांबर ओतलं, तो तांब्याच्या पत्र्यात गुंडाळला, गुणगुण काही जाईना. शेवटी फुसाबाईंनी ऐकवलं की पोरं बेरजेत गुणगुणसुद्धा मिळवायला लागली आहेत. महिनाअखेरीला सोरोबानची परीक्षा होती. तोपर्यंत आवाज थांबला नाही, तर कर्णे घराबाहेर.

तोकुसानचा चेहरा पाहवत नव्हता. मी शेजारधर्म पाळला. म्हटलं, बाहेर टाकण्यापेक्षा मी नेतो, दुकानाच्या मागं जागा आहे. खरं सांगायचं तर जागा मी आदल्या महिन्यातच मोजून ठेवली होती.

दिवस थोडे उरले तसा तोकुसान माझा सल्ला विचारू लागला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझ्याकडे एकशेवीस वॉट होते आणि एवढे वॉट असलेल्या माणसाला माहीत नाही म्हणता येत नाही. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "दोष तुमचा नाही, पन्नास सायकलचा आहे. पलीकडच्या साठच्या विजेत गुणगुण नसते." मनात म्हटलं, आता हा हात टेकेल आणि महिनाअखेरीपर्यंत कर्णे माझे होतील.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा ट्रक दारात उभा. पलीकडच्या काठावर तोकुसानच्या मावसभावाचं संत्र्यांचं कोठार तोडणी सुरू होईपर्यंत रिकामं होतं. कर्णे, ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, अंथरूण आणि लोणच्याचा मुळा घेऊन तो निघून गेला. फुसाबाई दारात उभ्या होत्या. निरोपाला हात केला, आत गेल्या आणि मोकळ्या झालेल्या चार चटया पुसायला लागल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी दुकान उघडलं, पहिल्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीला साबण लावला आणि दहा सायकलींचं सांगितलं.

चार दिवसांनी तोकुसानचा निरोप आला. गुणगुण नाही. कर्ण्यात डोकं घातलं तरी नाही. तुमचे उपकार कसे फेडू.

आता यात सगळ्यात जास्त थक्क मी झालो होतो, पण तसं दाखवलं नाही. गावात माझा भाव वाढला. साठ सायकलींवर मी दिवसातून तीन व्याख्यानं द्यायला लागलो. हळूहळू माझाच त्यावर विश्वास बसला आणि एका रविवारी दुकान लवकर बंद करून माझा रेकॉर्ड प्लेअर आणि आवडत्या गायिकेची रेकॉर्ड घेऊन मीही बसनं पलीकडे गेलो. कोठारात माझी रेकॉर्ड लागली. काय तो आवाज. कोवळा, चपळ, हसरा. मी डोळे मिटून म्हटलं की बघा, साठमध्ये जीव आहे, आपल्या काठावर ही बाई नुसती रडते. तोकुसाननं मान हलवली आणि चहा ओतला. पुढच्या रविवारी मी गिरणीतले दोघे जण घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर तेच बोललो, जरा लांबवून. तेही माना हलवत होते.

निघताना माझ्या चहाच्या कपाशेजारी रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरला लावायची एक छोटी पितळी पुली ठेवलेली होती. तोकुसान खिडकीबाहेर संत्र्याच्या झाडांकडे बघत होता. पन्नासच्या विजेची पुली साठवर लावली की रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीसऐवजी चाळीस फेऱ्या मारते, हे प्रत्येक रेकॉर्ड प्लेअरच्या तळाशी लिहिलेलं असतं. दोन रविवार तीन सभ्य माणसांनी ते मला सांगितलं नव्हतं. पुली खिशात घालून मी हवेबद्दल बोललो.

परीक्षेला आठवडा उरला होता. संत्री पिवळी पडायला लागली होती आणि कोठार रिकामं करून द्यायचं होतं. परत जावं तर पन्नास सायकली, म्हणजे कर्णे गेलेच. मी अधूनमधून दुकानामागची जागा पुन्हा मोजत होतो. फुसाबाई एका दुपारी डबा घेऊन बसनं कोठारात आल्या. मीही तिथं होतो, कारण माझ्या दुकानाला सुट्टी होती. भाताचे गोळे आणि सुकी कोळंबी खाऊन झाल्यावर तोकुसाननं त्यांना कर्ण्यांसमोर बसवलं. नुसती शांतता ऐकवली, जशी दुसरं कोणी फूल दाखवेल. म्हणाला की साठमध्येच हे जमतं.

फुसाबाईंनी थोडा वेळ ऐकलं. "अहो, घरीसुद्धा सोमवारी असंच असतं."

सोमवारी तोकुसानची गिरणीत संध्याकाळपासून पाळी असायची, म्हणून त्या दिवशी तो कर्णे लावतच नसे. त्यानं विचारलं, तुला काय माहीत?

त्यांनी डबा रुमालात बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "सोमवारी मी लावते. तुम्ही गेल्यावर. जेवण करताना." मग खाली बघूनच म्हणाल्या, "इतर दिवशीच्या गुणगुणीत गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत. म्हणून तर मी मागं लागले होते."

इतकी वर्षं नवरा समजत होता की बायकोला कर्ण्यांचा तिटकारा आहे. आणि बायको कबूल करायची नाही म्हणून सोमवारबद्दल गप्प होती. तोकुसानचे कान लाल झाले. पण बाई सोरोबान शिकवणारी, हिशोब अर्धा सोडणार नव्हती. सोमवारी आपल्या गल्लीत काय बंद असतं, एवढंच तिनं विचारलं, आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

सोमवार हा देशभरातल्या न्हाव्यांचा सुट्टीचा वार. दुकानाबाहेरचा लाल-पांढरा-निळा फिरता खांब त्या दिवशी बंद ठेवायचा. इतर दिवशी माझा खांब रात्रंदिवस फिरायचा, आत ट्यूबलाइट आणि मोटर. आसपासच्या गावांत दुसऱ्या कोणाचा खांब रात्री फिरत नाही याचा मला अभिमान होता. खांब ठोकला होता मधल्या भिंतीच्या रस्त्याकडच्या टोकाला. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, वीतभर अंतरावर, तोकुसानचा रेकॉर्ड प्लेअर असायचा. माझ्या मोटरची गुणगुण तो टिपायचा आणि कर्णे ती मोठ्यानं सांगायचे.

मंगळवारी कर्णे परत आले. तोकुसाननं ॲम्प्लिफायर लावला, पोळं गुणगुणायला लागलं. फुसाबाईंनी खिडकीतून मला खूण केली. मी माझ्याच हातानं खांबाची पिन काढली. गुणगुण थांबली. पुन्हा लावली, आली. तोकुसाननं मला हे चार वेळा करायला लावलं. मला वाटतं, शेवटच्या दोन वेळा गरज नव्हती.

खांब मी दाराच्या दुसऱ्या बाजूला नेला. कर्णे सहा चटयांच्या खोलीतच राहिले, आणि परीक्षेत फुसाबाईंची सगळी पोरं पास झाली. दुकानामागच्या जागेत मी केर ठेवतो.

इवासे तोकुजीनं बायको सोडली नव्हती. माझ्या खांबाच्या गुणगुणीमुळे तो एकोणीस दिवस संत्र्यांच्या कोठारात झोपला. सायकलींचा त्यात काही संबंध नव्हता.