मागच्या रांगेतला धब्बा

आमच्या सिंदेवाहीच्या व्हिडिओ स्टुडिओत धूळ आणि किस्से रोज साचतात. धूळ निदान मालक रफिकभाई शनिवारी झटकतात. किस्से मी, म्हणजे त्यांचा एडिटर, सांभाळून ठेवतो. शूटिंग आम्ही एचडीत करतो, पण खेड्यातली गिऱ्हाइकं अजून डीव्हीडीच मागतात, कारण पेनड्राइव्ह दिला की घरातली पोरं लग्न पुसून गाणी भरतात. आणि एचडीची डीव्हीडी करताना चित्र पुसट झालं, की शिव्या मला!

एकाला पाच तासांचं लग्न एकाच डीव्हीडीत हवं होतं. मी म्हटलं, "भाऊ, जितकं कोंबाल तितकं चित्र पातळ होईल."

तो म्हणाला, "सगळं नोका करू. फक्त माह्या सासऱ्याचं भाषण पातळ करा."

*

मग मी शार्पनेसच्या नादी लागलो, जरा जास्तच. एका वरमाईची एकेक सुरकुती उठून दिसली आणि डोक्याभोवती पांढरी कड आली. बाई तणतणत दुकानात आल्या.

रफिकभाई शांतपणे म्हणाले, "बाई, तेज हाये ते तुमचं."

बाईंनी दोन कॉप्या जास्तीच्या नेल्या.

*

मोहर्लीच्या एका जंगल सफारीवाल्या गाइडनं वाघाचं फुटेज आणलं. एचडीत मिशा मोजता येत होत्या, डीव्हीडीत वाघ गवतात पार विरघळला. मी माफी मागणार, तेवढ्यात तो म्हणाला, "राहू द्या. टुरिस्टायलेबी असाच दिसते."

*

खरा घाम फोडला तो सुखदेवनं. तो आला तेव्हा रडवेला झाला होता.

"दादाच्या पोरीच्या लग्नाले मी गेलतो. बुद्धवंदना होईस्तोवर मागं उभा होतो, मंग ड्युटीवर पळालो. दादा म्हणते, तू आलाच नाई. तीन वर्सं झाले, बोलत नाई माह्यासंग. म्हणते, डीव्हीडीत दाखव."

आम्हीच केलेल्या त्या डीव्हीडीत मागच्या रांगेत, खांबाजवळ नुसता एक धब्बा होता. मूळ एचडी फुटेज आमच्याकडे होतं, त्यात माणूस ओळखू येत होता.

"मोबाइलवर नेऊन दाखव ना," मी म्हटलं.

"दादा म्हणते, मोबाइलात काहीबी बनवता येते."

मला त्याचं फार वाईट वाटलं. एचडीची चौकट डीव्हीडीच्या चौकटीपेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणून अख्खं चित्र लहान करण्याऐवजी मी खांबाजवळचा तो कोपराच तेवढा कापून डीव्हीडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी सुखदेवच्या गाडीवर मागे बसून त्याच्या दादाकडे, नामदेवभाऊंकडे गेलो. सुखदेव फाटकाबाहेरच थांबला. भाऊंनी डीव्हीडी लावली. वंदना सुरू, आणि खांबाशी हात जोडून उभा सुखदेव, चेहरा लख्ख!

भाऊंनी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना ते टीव्हीला नाक लागेल इतके पुढे सरकले. मग उठून दारात गेले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलले.

"काऊन बे, माहा चौकड्याचा शर्ट घालून आलता?"